उन्हात घातलेला पाऊस

ताम्हिणी,
१९ सप्टेंबर २००४

प्रिय शैलेश,

कावीळ उतरली का? पथ्य मोडू नकोस. इकडे घाटातली दरड हटली, एसटी सुरू झाली. हैबतरावांची म्हैस व्याली. खरवस खाताना सगळ्यांनी तुझं नाव काढलं.

कारोलसर काल पोलंडला परत गेले.

तू दोनदा विचारलंस, लॅबमधून काय आलं. सगळी रिळं काळी आली रे. तू पावसाळाभर भिजत जे शूट केलंस, त्यातली एकही चौकट उरलेली नाही. कॅमेरामन म्हणून तुझा पहिला सिनेमा, दिग्दर्शक म्हणून त्यांचा शेवटचा.

दरडीमुळे फिल्मचे डबे आठवडाभर हैबतराव-रत्नाबाईंच्याच घरात अडकले होते. लॅबचा निरोप आला तेव्हा आम्ही जेवत होतो. डबे कुठेतरी उघडले, उजेड लागून न धुतलेली फिल्म गेली, हे मी सरांना इंग्रजीत सांगत होते, तेवढ्यात 'फिल्म' शब्द ऐकून रत्नाबाई कौतुकाने म्हणाल्या, "त्या डब्यास्नी वल आलीवती. शनवारी जरा ऊन पडलं, तवा म्या समद्या गुंडाळ्या अंगणात घातल्या, गोधड्यांसंगं. परत भरून पट्ट्याबी लावल्या."

सर लहानपणी, युद्धाच्या काळात, कोल्हापूरजवळच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत वाढलेले. तेव्हाच्या मोडक्या मराठीत त्यांनी विचारलं, "वाळल्या?"

"व्हय, कडकडीत!"

"बरं केलं, बाई." आणि भाकरी संपवली.

एसटीची वाट बघताना मी म्हणाले, पुढच्या पावसात पुन्हा करू. ते हसले. "सत्तरीतल्या माणसाच्या सिनेमावर दुसऱ्यांदा कोण पैसे लावतं?" मग पिशवी खांद्याला अडकवत म्हणाले, "माझा पहिला सिनेमा सरकारने अकरा वर्षं कपाटात कोंडला. सुटला तेव्हा बघायला कुणी आलं नाही. पुढे साबणाच्या जाहिराती केल्या. पण तेव्हा चिडायला सरकार तरी होतं. हिच्यावर कसा चिडू?"

बाईंना कळता कामा नये, एवढं बजावून ते गाडीत चढले. मागे वळून पाहिलं नाही.

आपल्या उन्हामुळे सिनेमा वाचला, असं रत्नाबाई शेजारणींना सांगत असतात. आज मला म्हणाल्या, "पिच्चर कवा लागंल गं?" मी दिवाळी म्हणाले.

बरा झालास की सामान न्यायला येशील, तेव्हा तुलाही विचारतील. तूही दिवाळीच सांग. कोणती, ते सांगू नकोस.

तुझी,
जुईली