दात पांढरे करून गेलो त्या शुक्रवारची हकिगत

प्रिय ताईस धाकट्या मुतलकचा सलाम.

अकाब्याच्या उकाड्यात तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं असताना तू गच्चीवर वाळवणं घालतेस, ही बातमी इथे कर्क गावापर्यंत पोचली आहे. (कोणी सांगितलं ते विचारू नकोस, तुझीच सून आहे.) माझी तब्येत उत्तम, दात सोडून.

शुक्रवारी आपल्या सुहैबसाठी मागणी घालायला गेलो, ते तुझ्या कानावर आलं असेलच, आणि आलं असेल त्यातलं निम्मं खोटं असेल. म्हणून हे पत्र. भाऊ गेल्यापासून पोराचा बाप मीच. तेव्हा मुलीकडच्या साठ माणसांसमोर बसून रहफला मागायचा मान माझा. मनात आलं, एवढ्या लोकांत तोंड उघडायचं तर ते उघडण्यासारखं तरी असावं. चाळीस वर्षांच्या काळ्या चहानं आणि सिगारेटींनी काय केलंय ते तू पाहिलंच आहेस. गेलो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. (माझीच विद्यार्थिनी, भूगोलात काठावर पास. आता तिची पाळी.) तिच्याकडे दातांच्या रंगांची पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. ती माझ्या दातांशी लावत लावत शेवटाला आली आणि म्हणाली, "सर, पट्टी संपली." मग तासभर औषध लावून माझे दात दुधासारखे केले, कळांनी माझा जीव घेतला, आणि वर ताकीद दिली की दोन दिवस भात, दही, फ्लॉवर, जे पांढरं तेच खायचं. कॉफीचा थेंबही नाही, नाहीतर ओल्या चुन्यावर हात लागावा तसा डाग बसेल. तो दिवस गुरुवार होता. मी म्हटलं, त्यात काय? मागणी घालणारा कॉफीचा कप खाली ठेवून बसतो, होकार मिळेपर्यंत तोंड लावत नाही, ही तर आपली रीतच. होकार मिळाल्यावर तो प्यावा लागतो, हे मात्र मास्तरांच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

शुक्रवारी मी कप ठेवला, चार शब्द बोललो (बरे बोललो, खोटं कशाला सांगू), आणि रहफचे आजोबा हाज्जी फलाह म्हणाले, "कॉफी घ्या मास्तर, मुलगी तुमची." सगळ्यांचे कप उठले. माझा खालीच. आता कप खाली म्हणजे मागणं बाकी. हाज्जींना वाटलं मी अडून बसलोय, म्हणून त्यांनी आपण मुलीला घालायच्या सोन्याची अट सोडून दिली. मी नुसता हसलो, तर ते नवे दात चकाकले आणि मुलीच्या मामांना वाटलं मी त्यांची टर उडवतोय. ते उठून उभेच राहिले. हाज्जींचा आवाज बदलला. "आमच्या घरात अजून काय हवं ते मागा, मास्तर. नाहीतर मुलगी पसंत नाही असं सरळ सांगा."

मी सुहैबकडे पाहिलं. बापाच्या मयतीला बारा वर्षांचं ते पोर जसं दिसत होतं ना, तसंच दिसलं. म्हटलं, दात गेले खड्ड्यात. कप उचलून एका दमात प्यालो, दुसरा मागून घेतला, तिसराही, आणि भर सभेत खरं काय ते सांगून टाकलं. आधी कोणी हसेना. मग हाज्जींनी आपले उरलेले चार दात दाखवले आणि म्हणाले, "हे घेऊन जा. रंग पक्का आहे." त्यानंतर जो हशा झाला तो बायकांच्या खोलीतूनही ऐकू आला. सुहैबनं माझ्या कपाळाचा मुका घेतला. लग्न पुढच्या महिन्यात आहे. माझ्या पुढच्या दातांवर सध्या एक नकाशा उमटला आहे, कुठल्या देशाचा ते जन्मभर भूगोल शिकवूनही सांगता येत नाही.

तुझा मुतलक

ता. क. लग्नाला यायचंच आहे.

ता. क. दुसरा. कप खाली राहिला तो नुसता दातांमुळे नव्हे. हाज्जी "घरात अजून काय हवं ते मागा" म्हणाले तेव्हा त्यांची मुलगी वस्फिया, रहफची आत्या, तिचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. नवरा जाऊन पाच वर्षं झाली तिला. बोर्डाचे पेपर तपासायला दरवर्षी माझ्या समोरच्या टेबलाशी असायची. पोराच्या मागणीत आपली कशी घुसडायची, म्हणून गिळलं. रहफ सांगते, सगळं ऐकून आत्या म्हणाली, "आधीचेच दात बरे होते मास्तरांचे, लांबून ओळखू यायचे." तेव्हापासून मला धड झोप नाही. एकट्यापुरता भात मला अजून जमत नाही, रोज उरतो. ही बोलणी आधी बायकांनी बायकांशी करायची असतात, आणि मला तुझ्याशिवाय कोण आहे? लग्नाच्या आधी आठवडाभर ये. गुडघा बरा नसला तरी ये, मी गाडी घेऊन न्यायला येतो.