तापलेली चोकची तार

घोडपदेव, १० नोव्हेंबर १९५८

ती. कोंडीराममामांस बकुळाचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे ठीक. बेळगावच्या जेलात भाकरी देतात का भात, असं आई रोज विचारते. तुम्ही सीमेच्या सत्याग्रहाला गेल्यापासून तुमचं गॅरेज गणपतदादा बघतो. मी कोपऱ्यात डायनमोची कॉइल गुंडाळते, पहिल्यासारखीच. शाळा सहावीत सोडलेली, चुका मोजू नका.

लफडं झालंय. व्हिक्टरसाहेबांची ती लाल, दोन शिटांची गाडी. आपल्या गॅरेजातून नेल्यापासून, सुरू करायला सेल्फ मारला की कुंथते आणि डॅशबोर्डातून धूर येतो. काल त्यांच्या आई कॅथरीनबाई चर्चला निघाल्या होत्या. धूर बघून घाईत उतरल्या नि पडल्या, गुडघा फुटला. दादाने बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, तरी तेच.

साहेबांचं नि दादाचं सीमेच्या मोर्च्यावरून आधीच वाजलेलं. आता साहेब म्हणतात, त्या रागात ह्यानेच मुद्दाम वायरी फिरवल्या. तेवीस तारखेच्या रविवारपर्यंत बिघाड निघाला नाही तर चौकीवर नाव देणार. मोर्च्यापायी दादाचं नाव तिथे एकदा लागलेलं आहेच, परत गेला तर लवकर सुटायचा नाही. रखमावहिनीला सातवा महिना लागलाय.

मी कशाला हात लावला नाही, फक्त गाडी पुसली. लवकर लिहा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची बकुळा


हिंडलगा जेल, बेळगाव, १५ नोव्हेंबर

चि. बकुळास जयभीम आणि आशीर्वाद.

आठवड्याला एकच कार्ड मिळतं, ते तुलाच लिहितोय. जेलचे साहेब लोक वाचूनच पुढे पाठवतात. त्यांना सेल्फ म्हणजे बॉम्ब वाटला नाही म्हणजे मिळवली.

वायरी सोड. सेल्फ मारताना चोकची तार तापते का, ती हाताने बघ. बॅटरीतून गेलेला करंट इंजिनातून बॉडीत परत यावा लागतो. त्यासाठी इंजिन नि बॉडीच्या मध्ये तांब्याची विणलेली पट्टी आहे. ती उघड्या लोखंडाला टेकली नसेल तर करंट दुसरी वाट शोधतो. चोकची बारीक तार इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत जाते, सगळा भार तिच्यावर येतो. पट्टीखाली गंज, तेल, रंग, काय आहे ते बघ.

आणि बकुळे, हात लावला नाही हे मी विचारलं नव्हतं. मग का लिहिलंस? आईला सांग, भातच देतात. तुझ्यावरचा जीव इथे आल्याने कमी झालेला नाही.

कोंडीराम


घोडपदेव, २३ नोव्हेंबर

ती. मामांस बकुळाचा जयभीम.

कार्ड गुरुवारी आलं. चोकला हात लावला, बोट भाजलं. मामा, गाडी पुसताना ती तांब्याची पट्टी मीच सोडली होती. खाली गंज दिसला. तुम्ही सुटून आल्यावर शाबासकी द्याल म्हणून घासला, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि पट्टी परत आवळली. दादा तेव्हा चहाला गेला होता.

रंग गुपचूप खरवडला असता तर गाडी सुरू झाली असती. पण साहेब म्हणाले असते, बघा, ह्यानेच बिघडवली नि ह्यानेच निस्तरली. वाटलं तुम्हीच साहेबांना लिहावं, पण तुमचं कार्ड माझ्यावरच संपलेलं.

आज साहेब आले, सोबत कॅथरीनबाई, गुडघ्याला पट्टी. मी साहेबांना चोक धरायला लावला नि दादाला सेल्फ मारायला सांगितलं. साहेबांनी हात झटकला. मग तांब्याची पट्टी सोडून खालचा रंग दाखवला. हा कोणी दिला, त्यांनी दादाला विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मीच दिला.

मी म्हटलं, नाही, मी दिला. आवाज इतका बारीक आला की साहेबांनी परत विचारलं. परत सांगितलं. सगळं सांगितलं, गंजापासून. कॅथरीनबाई वाकून बघत म्हणाल्या, गो बाय, रंग मात्र साफ दिलाय.

लोखंड चकाकेपर्यंत मी खरवडलं, पट्टी आवळली. एका सेल्फात गाडी सुरू झाली. साहेबांनी चोक धरून ठेवला, थंड होता.

दादाला ते माफ कर म्हणाले नाहीत. त्यांनी आईला हात धरून गाडीत बसवलं, किल्ली दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, आधी चर्चला नेऊन आण, मी इथे थांबतो.

बोटाला फोड आहे, म्हणून अक्षर वाकडं. राग आला असेल तर सुटून येऊन काढा, तोवर जपून ठेवा.

बकुळा