खळ्यावरचा पहिला आकडा

सिस्टर, तुम्हाला मराठी वाचायला जड जायचं, म्हणून मी मुद्दाम मराठीतच लिहिते आहे. काल आमच्या शाळेत एक साहेब आले होते. मी निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोन दिवस पहिलीच्या वर्गात जाऊन बसते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी पेटी उघडली, प्लास्टिकची सफरचंदं काढली आणि मुलांना हसतखेळत कसं शिकवायचं ते मला समजावून सांगितलं. मला! जोयड्याच्या जंगलातल्या ज्या पोराने जन्मात सफरचंदाचं झाड पाहिलं नाही, त्याने म्हणे ती मोजायची. मी निमूट ऐकलं. मोठ्यांचं बोलणं मध्ये तोडू नये असं तुम्ही शिकवलं होतं, आणि साहेब माझ्याहून तीस वर्षांनी लहान असले तरी खुर्ची मोठी होती.

तुमचा वर्ग मला अजून दिसतो. बेळगावचं कॉन्व्हेंट, सरळ रांगेतले बाक, ओठांवर बोट. रामनगरहून नुकतीच आलेली मी पाढे म्हणताना ठेका धरून बाकावर थाप मारते, शेजारची खुदकन हसते, आणि तुमची पट्टी टेबलावर आपटते. "ही शाळा आहे, जत्रा नव्हे." तो सगळा तास मी दाराबाहेर उभी होते. मला राग आला होता, सिस्टर, अजूनही आहे. तरीही मला नोकरी लागली तेव्हा मी बरोबर काय घेऊन आले, तर तुमचीच शिस्त.

नेमणूक गणेशगुडीच्या पलीकडच्या गावात झाली. एकच खोली, कौलं गळकी, मुलं रान तुडवत यायची, आणि गाव मला कॉन्व्हेंटची बाई म्हणायचं. पहिल्याच सुगीत मी एका सहा वर्षांच्या मुलीपुढे चिंचोके ठेवले आणि मोजायला सांगितलं. ती मोजते, "लाभ, दोन, तीन..." मी म्हणते, "एक म्हण." ती पुन्हा "लाभ" म्हणते. तिसऱ्यांदा वर्ग हसला आणि मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. मी तिला बाहेर उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या वाडीचं एकही पोर आलं नाही.

मी तणतणत वाडीवर गेले. खळ्यावर भाताची रास पडलेली, आणि त्या मुलीची आजी लाकडी मापाने भात मोजत होती. "लाभ... दोन... तीन..." मी जागच्या जागी थांबले. म्हातारीने मान वर केली नाही. पोत्यात माप ओतता ओतताच म्हणाली, "बाई, पोरगी आता यायची न्हाई. तिला हितं मोजाय येतंय. तुमच्या साळंत येत न्हाई म्हणं."

"पण आजी, एकाला एक नको का म्हणायला?"

"एक म्हटलं तर एकच ऱ्हातंय. पैलं माप देवाचं, त्याला लाभ म्हणायचं. कॉन्व्हेंटात भात खात न्हाईत व्हय?"

खळ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला तिथून निघता आलं असतं. पण ती मुलगी आजीच्या मागून माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की आज मी परतले तर ही पुन्हा पाटी धरणार नाही. मी म्हटलं, "मला शिकवा." माप भरलं, उचललं, आणि तोंडातून सवयीने निघालं, "एक." सगळ्या बाया ओरडल्या. म्हातारीने पोतं राशीवर उपडं केलं. "आता पैल्यापासनं!" आणि ती सहा वर्षांची चिमुरडी कमरेवर हात ठेवून मला म्हणते, "बाई, भायेर उभ्या ऱ्हावा." मी राहिले. खळ्याच्या कडेला, उन्हात, सगळ्यांदेखत. आजी हसता हसता खाली बसली. "गुणाची हाय गं बाई. पोरगी उद्या येतीया."

ती आली, आणि तिच्या मागून सगळी वाडी आली. त्या दिवसापासून आम्ही शाळेच्या अंगणात खळं मांडायला लागलो. शेणाने सारवलेलं गोल, ओढ्याची वाळू, माप म्हणून करवंट्या. जो चुकेल त्याने रास पुन्हा घालायची. अंगणात लाभ म्हणायचं, फळ्यावर एक लिहायचा, मुलांनी त्याचं आपणहून गाणं केलं, "खळ्यावर लाभ, फळ्यावर एक!" आरडाओरडा असा की दिग्गी गावाच्या वाटेने जाणारी माणसं थांबून बघायची. बेरीज-वजाबाकी त्या वाळूतच आली, आणि मी पट्टी फक्त रेघा मारायला वापरली. होय सिस्टर, जत्राच होती. इतकी वर्षं मी ती भरवली, आणि आता मागे वळून बघताना सुखाने छाती भरून येते.

काल हा अंगणातल्या खळ्याचा खेळ मी साहेबांना सांगितला. ते वहीत लिहून घेत होते. "वा मॅडम! ही कल्पना कुणाची?" मी म्हटलं, "माझी." दारात आमची स्वयंपाकीण आमटीचा डाव हातात धरून उभी होती. ती म्हणजे तीच मुलगी, आता पन्नाशीची. साहेब गेल्यावर म्हणाली, "बाई, साहेबाला निम्मंच सांगितलंसा."

"निम्मंच पुरे त्याला," मी फटकारलं. ती हसली आणि चुलीकडे वळली.

तिला उन्हात उभं केल्याबद्दल मी तिची माफी कधीच मागितली नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही जाऊन वर्षं झाली, काही उलट बोलणार नाही. जिला सांगायला हवं ती मला शाळेत ताट वाढते, आणि मी तिच्याकडे न बघता एवढंच म्हणते, "भात थोडाच घाल गं."