नीलाच्या फॉर्मातली शिक्षा

द्वारका, नवी दिल्ली, १० ऑगस्ट २००८

तीर्थस्वरूप कुमुदताईस,

अविनाशचा दिल्लीहून वाकून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का? आमचे इकडे सर्व ठीक आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. (फोन न करता पत्र अशासाठी, की फोनवर तू मध्येच रागावतेस.)

तर तुझ्या चौदा वर्षांच्या भाचीने पानिपतचा सूड घेतला. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “तुम मराठे तो हार गए थे, यार,” आणि नीलाने त्याच्या डोक्यात कंपासपेटी घातली. दर जानेवारीत तिला पानिपतला नेऊन काला अंबच्या स्मारकापुढे उभी करून डोळे पुसणारा बाप मीच, पण हे शाळेत कोण सांगणार? चार दिवसांनी समुपदेशक बाईंनी मला आणि नीलाला बोलावून माझ्या हातात मुलीच्या स्वभावाचा हिंदी फॉर्म दिला. शांत की चिडकी, मिसळते की एकटी बसते, वगैरे. पंधरा वर्षे मिनिस्ट्रीत हिंदी टिपणे लिहिणारा मी, भराभर भरत सुटलो. एक प्रश्न होता, ‘घर में बच्चे को शिक्षा कौन देता है?’ मी ठणकावून लिहिले, ‘कोई नहीं. मैं शिक्षा के सख्त खिलाफ हूँ.’

बाईंनी ते दोनदा वाचले. (हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे मला ठाऊक आहे गं! पण घाबरलेला माणूस मातृभाषेतच वाचतो.) अखेर नीलाच म्हणाली, “मैडम, मराठी में शिक्षा मतलब सज़ा.” बाई हसल्या. “अच्छा! तो पापा बिल्कुल नहीं मारते?”

नीला माझ्याकडे न बघता म्हणाली, “नहीं, मैडम.”

कुणी खोटे बोललेले खपत नाही म्हणून निम्म्या वर्गाशी भांडणारी ही पोर! ताई, मला फार लाज वाटली. बाईंनी ‘आक्रमक’पुढे खूण केली. बापाला वाचवणाऱ्या स्वभावासाठी त्या फॉर्मात रकानाच नव्हता.

भाऊजींना नमस्कार. कळावे,

तुझा अविनाश

ता. क. : गेल्या रविवारी फोनवर नीलाचा गाल दाढेने सुजलाय म्हणालो होतो. दाढ उत्तम आहे. कंपासपेटीचे कळल्यावर मीच थोबाडीत मारली होती.

आणखी एक : आपल्या घरात मोठ्याने लहानाची माफी मागितल्याचे मला आठवत नाही. तू जन्मभर मुलांना शिकवलेस, तर सुरुवात कशी करतात तेवढे कळव. मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि तिथे भलतेच बोलून परत येतो. काल एकाच संध्याकाळी तिला तीनदा जेवायला बोलावले.