आपल्या थांब्यावर कोणी चढत नाही

ता. ९, रविवार दुपार

प्रिय दादा,

धाकट्याचा नमस्कार. वहिनीलाही सांग. छकुलीला म्हणावं, काकाने फुगे घेऊन ठेवलेत.

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. कामाचा रगाडा होता असं लिहिणार होतो, पण तसं काही नव्हतं. इथे ठीक आहे. खोलीत आम्ही चौघे, पंखा एक, आणि तोही वेल्डरच्या बाजूला वळून अडकलाय. बूट नवे घेतले.

नवी गाडी पाहिली. बॅटरीवरची. धूर नाही, खडखड नाही, आली तरी कळत नाही. आपली डिझेल म्हातारी कशी दोन वळणं आधीपासून खोकत येते! नवीला पायरीच नाही, दादा. फलाट आणि गाडी एका पातळीत. कुबडी टेकवायची आणि आत. कोणी काखेत हात घालून वर ओढायला नको. पाहिली आणि पहिला तूच आठवलास. मग जेवण गेलं नाही.

तू लिहिलंस, "नवी गाडी आपल्या थांब्यावर थांबणार नाही म्हणे. इथे कोणी चढत नाही, असं कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं ते तुझ्या साहेबांकडून काढ. पुढचं स्टेशन कुबडीवर गाठेपर्यंत दुकान बंद करायची वेळ होईल. मी काय उडत जाऊ?" खाली वहिनीने लिहिलंय, "ह्यांना पंख फुटले की कळवते."

हसलो. मग परत वाचलं.

शोधायला लांब जावं लागलं नाही. मीच सांगितलं.

मागच्या महिन्यात फलाट मोजायला आम्ही तिकडे आलो होतो. मी मोठं मशीन चालवतो असं तुला लिहीत आलो, ते खोटं. मी टेपचं शून्याचं टोक धरतो आणि खुंट्या वाहतो. दुपारचा थांबा रिकामा. खांबावर लाल फडकं खाली लोंबत होतं. ते वर चढवलं की ड्रायव्हर गाडी थांबवतो, हे साहेबांना काय ठाऊक! त्यांनी विचारलं, "इथे चढतं का रे कोणी?" हो म्हटलं असतं तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून माणसं मोजावी लागली असती. दुकानातून परतताना त्याच गाडीतून तू उतरला असतास. डोक्यावर खुंट्यांचा भारा घेतलेला मी तुला दिसलो असतो. आणि घर सोडताना तुला काय सुनावलं होतं मी? "तुझ्यासारखी लोकांची शिलाई मशिनं दुरुस्त करत जन्म काढणार नाही."

"कोणी नाही साहेब," म्हणालो. "चला."

आपलं छप्पर तिथून दिसत होतं. दोरीवर तुझा निळा शर्ट वाळत होता.

काल साहेबांना खरं सांगितलं. म्हणाले, "थांब्यांची यादी वर गेली. सतरा तारखेला, सोमवारी, शहरात हरकती ऐकणार आहेत. तिथे सगळ्यांसमोर उभा राहून सांग. तुला ठेवायचं की नाही, ते मी नंतर बघतो."

उभा राहीन. पण एकदा खोटं बोललेल्याचं कोण ऐकणार? चढणारा माणूस समोर दिसायला हवा.

पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, संध्याकाळच्या गाडीने येतोय. घरात घेतलं नाहीस तर थांब्याच्या बाकावर पडेन. सोमवारी सकाळी शहराच्या गाडीसाठी फडकं मी वर चढवीन. काखेत हात घालून तुला वर ओढीन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

फक्त चढ.

शून्याचं टोक धरणारा,
तुझा धाकटा