लंगरातला माणूस फौजी धरावा की नाई

लष्करी लंगरातले, म्हणजे फौजेच्या रसोईतले, माझे उस्ताद आदरणीय कृष्णकांतभाऊ यांना नाचणगावहून भैयाजीचा पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा हाय? कारंज्याची हवा वहिनीले मानवली का? इकडं माझं डोकं सोडून सगळं खुशाल हाय.

झालं असं, की देवळीच्या माजी सैनिक संघटनेत नाव टाकाले मी उन्हाळ्यात गेलतो. (नात शाल्मलीनं शाळेत सांगून ठेवलं, माझा आजोबा फौजी हाय, पंधरा ऑगस्टच्या सत्काराले पहिल्या ओळीत बसन.) अध्यक्ष प्रभाकरराव रिटायर सुभेदार, पण मिशा अजून नोकरीत. त्यायनं माझं डिस्चार्ज बुक पाह्यलं न विचारलं, "बंदूक चालवली का?" म्हटलं, ट्रेनिंगमध्ये चालवली, मंग रसोईत लागलो. "मंग तुमचं पाहा लागन," म्हणे. भाऊ, नियमात सरळ लिवलं हाय, फौजेत भरती होऊन पेन्शनीत निघाला तो माजी सैनिक. त्यात भाजी हलवाच्या सराट्याले बंदी नाई. बर्फात पाठीवर गरम वरणाचा डबा बांधून चौकीवर चढलो, तेबी सांगतलं. तर कमिटीतला एक म्हणे, डबा तर कुरिअरवालाबी पोचवते. असं पाहण्यातच दोन महिने काढले.

पंधरा ऑगस्टले शाल्मलीसंगं मी मंडपात मागं उभा होतो. झेंडावंदन झालं न फोन आला, केटरिंगवाल्याची गाडी नाल्याच्या पुरात अडकली. प्रभाकरराव माझ्यापाशी आले. "भैयाजी, जेवणाचं जरा पाहता का?"

"सिव्हिल माणसानं संघटनेच्या भट्टीजवळ गेलेलं नियमात बसते का, साहेब?"

त्यायनं मिशीवरून हात फिरवला न कमिटीले हाक मारली. मंग तिथंच सभा भरली न उपाशीपोटी माझी सदस्यता एकमतानं पास झाली. संघटनेची टोपी देली, ती वाफेनं खराब होईन म्हणून मी खिशात टाकली. वांगे-आलूची भाजी केली, वरण केलं. प्रभाकररावानं तीनदा वरण घेतलं. पहिल्या ओळीत माझी खुर्ची होती, तिच्यावर उशिरा पोचलेला केटरिंगवाला बसून सत्कार पाहून राह्यला होता. शाल्मलीनं मैत्रिणीले धुरातला मी दाखवला न म्हणे, "तो पाहा माझा आजोबा, लढून राह्यला."

वहिनीले नमस्कार सांगजा.

तुमचा,
भैयाजी

ता. क. : खरं काम असं, की सव्वीस जानेवारीची रसोईबी माझ्याच गळ्यात टाकली हाय, "आता तुम्ही आपलेच" म्हणून. तुम्ही आदल्या दिवशी येजा न भट्टी सांभाळजा. मले एकदा टोपी घालून खुर्चीत बसाचं हाय.

आणखी एक : आमची घरवाली पंचफुला म्हणते, हा माणूस खुर्चीत बसला तरी घडीघडी उठून वरणात मीठ पाहाले येईन. तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका. फक्त मीठ मी आल्यावर टाकजा.