बाथरूममधला दांडा

सोमवार, ४ मार्च
आजपासून कामाचा निम्मा वेळ म्हाताऱ्या माणसांसोबतच घालवायचा. ठरलं म्हणजे ठरलं! म्हाताऱ्यांचं हवं-नको बघणारा केअर मॅनेजर माणसांसाठी असतो, कॉम्प्युटरसाठी नाही. सुरुवात टेलिफोनवाल्या आजींपासून. एक्स्चेंजमधून रिटायर, एकट्या राहतात. बाथरूममध्ये पाय घसरला, भिंतीला धरायला दांडा हवाय. येऊन बघा म्हणतायत. दुपारी जाणारच होतो, पण एवढा मोठा निर्णय घेतल्यावर टाइमटेबल नको? रंगीत केलं. देखणं झालंय.

मंगळवार, ५ मार्च
आजींचा फोन. भीतीने आंघोळच बंद केलीय म्हणाल्या, अंग पुसून भागवतात. मला गलबलून आलं. ताबडतोब सिस्टीममध्ये लाल शेरा मारला : 'तातडीचे'. सिस्टीमने विचारलं, प्रत्यक्ष भेट झाली का? खोटं कसं लिहिणार? शेरा आपोआप पिवळा झाला : 'सवडीने'. हेल्पलाइनशी भांडण्यात दिवस गेला. पण भांडलो आजींसाठी, म्हणजे तो वेळ आजींचाच.

बुधवार, ६ मार्च
मीटिंग. विषय : ज्येष्ठांना जास्त वेळ कसा देता येईल? संध्याकाळपर्यंत चालली. मी फार कळकळीने बोललो. आमच्या ऑफिसप्रमुख मॅडमनी उपसमिती माझ्याच गळ्यात घातली.
बायको म्हणाली, तेवढ्या वेळात आजींकडे चालत जाऊन आला असतास. तिला सिस्टीम कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च
निघालोच होतो. बूटसुद्धा घातले होते. तेवढ्यात आजींच्या मुलाचा परगावाहून फोन. आईकडे कुणी लक्ष देत नाही म्हणे! आमचं किती लक्ष आहे हे त्याला समजावता समजावता ऑफिस बंद व्हायची वेळ झाली.

शुक्रवार, ८ मार्च
गेलो! दांडा आधीच बसलेला. शेजारणीच्या जावयाने बसवला. आजींचे केस ओले, चेहरा टवटवीत. माझ्या पाठपुराव्याचा परिणाम, दुसरं काय. चहा झाला. आजींनी सहज विचारलं, दिवसभर काय काम असतं हो तुम्हाला? सांगायला बसलो तो अंधार पडला. मध्ये त्यांचा डोळा लागला, पण मी खंड पडू दिला नाही. भेट असावी तर अशी.

सोमवार, ११ मार्च
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आजींचा फोन आला होता. कौतुक असणार म्हणून शर्ट नीट खोचून गेलो.
आजी म्हणाल्या म्हणे, तुमचा तो मुलगा गुणी आहे, पण फार एकटा पडलाय. त्याचं ऐकून घ्यायला ऑफिसात कुणी नसेल तर शुक्रवारी माझ्याकडे पाठवत जा. माझ्या कामाला मात्र दुसरं कुणीतरी द्या.
मॅडमनी शुक्रवारची दुपार माझ्या रजेत धरली.
पुढच्या शुक्रवारसाठी रजा शिल्लक आहे का, बघतो.